दोन कॅमेरे आणि उजवा डोळा

कॅमेरा घ्यायचा हे बायकोने ठरवलं होतं. कोणता घ्यायचा, यावर मी अडून बसलो होतो.

आमची मुलगी अकरावीत होती. पुढे शिकायला ती भारतात जाणार हे नक्की होतं. "ती गेल्यावर बघायला घरातला एक धड फोटो नाही," असं बायको म्हणायची. मोबाइलमध्ये हजारो फोटो होते, पण संध्याकाळी दिव्याच्या उजेडात काढलेल्या प्रत्येक फोटोत चेहरे तेलकट, पुसट दिसायचे. तिला घरात, कमी उजेडात चांगले फोटो काढणारा कॅमेरा हवा होता. मला हवा होता झूम. आम्ही ओमानमध्ये, मस्कतजवळच्या सीबला राहतो. थंडीत इथल्या किनाऱ्यावर ओहोटीच्या पाण्यात फ्लेमिंगो उतरतात, आणि माझ्या मोबाइलमध्ये ते दरवर्षी गुलाबी ठिपके म्हणून येतात. मी मस्कतच्या कुरुम भागातल्या एका व्यापारी इमारतीत मेंटेनन्स सुपरवायझर आहे. एसी, पंप, लिफ्ट यांतून मान वर काढून शांतपणे बघावं अशी तेवढी एकच गोष्ट मला होती.

आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर श्रीवर्धनकडचे एक भाई राहतात. त्यांचं दूर सहम गावी इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. आठवडाभर ते तिकडे असतात आणि गुरुवारी संध्याकाळी घरी येतात. त्यांना कॅमेऱ्यांचा नाद. नेमके दोन्ही प्रकारचे, खिशात मावतील असे कॅमेरे त्यांच्याकडे होते. त्यांनी आमच्या दिवाणखान्यात बसून समजावलं.

"सेन्सर म्हणजे उजेड झेलणारं भांडं. लहान सेन्सर म्हणजे वाटी, मोठा सेन्सर म्हणजे परात. भर दुपारी इथे उजेड एवढा, की वाटीसुद्धा भरून वाहते. पण संध्याकाळी, घरात, परातच पाहिजे. वाटीतला फोटो मग रवाळ येतो."

"मग परातच घेऊ ना," बायको म्हणाली.

"भाभी, परातीला लांबचा झूम लावायचा तर लेन्स दुधीएवढी होते. खिशात कशी मावणार? वाटीला तेवढाच झूम एवढ्याशा लेन्समध्ये बसतो. म्हणून ह्याला पक्षी आणि तुम्हाला घर. दोन्ही एका कॅमेऱ्यात नाही." त्यांनी दोन्ही कॅमेरे टीपॉयवर ठेवले. "दोन्ही ठेवा. वापरा. मग भांडा."

शुक्रवारी उन्हं कलायच्या बेताला आम्ही तिघं किनाऱ्यावर गेलो. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा बायकोने घेतला, लहान सेन्सरचा मी. माझ्या कॅमेऱ्याला वरच्या कोपऱ्यात डोळा लावून बघायची छोटी खिडकी होती, व्ह्यूफाइंडर. उन्हात मागचा स्क्रीन दिसत नाही म्हणून भाईंनी तीच वापरायला सांगितली होती.

फ्लेमिंगो बरेच होते. मी झूम पूर्ण लांबवला, उजवा डोळा खिडकीला लावला, आणि मधला पक्षी दिसेना. डावीकडचा दिसत होता, उजवीकडचा दिसत होता. मध्ये राखाडी धुरासारखं काहीतरी होतं. कॅमेरा किंचित हलवला की लपलेला पक्षी कडेला येऊन दिसायचा आणि दुसरा नाहीसा व्हायचा. त्यांच्या काड्यांसारख्या पायांना मध्येच बाक आला होता. मागची समुद्राची रेघ मधोमध चिमटीत धरून ओढल्यासारखी होती.

खिडकीशेजारी चष्म्याचा नंबर जुळवायचं बारीक चाक असतं. ते मी इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. बनियनच्या टोकाने काच पुसली. काही फरक पडला नाही. तरी अंदाजाने बटण दाबत राहिलो.

"लहान सेन्सरचं हे असंच असणार," मी बायकोला म्हणालो. "तूच जिंकलीस. तुझाच घेऊ."

ती खूश झाली. मुलीचे फोटो काढत ती पाण्याच्या कडेने पुढे गेली.

घरी आल्यावर मुलीने दोन्ही कॅमेऱ्यांतले फोटो लॅपटॉपवर टाकले. लहान सेन्सरचे फोटो उघडले आणि मी खुर्ची पुढे ओढली. पक्षी स्वच्छ होते. मधला, डावीकडचा, उजवीकडचा, सगळे. पाय सरळ होते. समुद्राची रेघ सुतात होती.

"बाबा, हे तर मस्त आलेत," मुलगी म्हणाली. "शेवटचे थोडे ग्रेनी आहेत, लाइट गेल्यावरचे. पण बाकी सुपर."

म्हणजे सेन्सर ठीक, लेन्स ठीक, बिघाड खिडकीत. दुसऱ्याची वस्तू, म्हणून मी लगेच भाईंना फोन केला. भाई वर आले. त्यांनी कॅमेरा उचलून ट्यूबलाइटकडे धरला, डोळा लावला, बराच वेळ बघितलं.

"काही नाही. एकदम साफ आहे."

मुलीने बघितलं. "क्लिअर आहे, बाबा."

बायकोने बघितलं. तिलाही काही दिसलं नाही. मी पुन्हा डोळा लावला. ट्यूबलाइट मध्ये तुटलेली होती.

भाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा गेलं. त्यांनी माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "कॅमेरा राहू दे. डावा डोळा हाताने झाक आणि पोरीकडे बघ."

मुलगी समोर दोन हातांच्या अंतरावर बसली होती. मी डावा डोळा झाकला.

तिचे केस होते. कान होते, कानांतल्या रिंगा होत्या, खाली टी-शर्टचा गळा होता. चेहरा नव्हता. जिथे चेहरा असायला हवा तिथे राखाडी भोवरा होता आणि कडेचे गाल त्यात आत ओढले गेल्यासारखे वाटत होते. ती म्हणाली, "काय झालं बाबा?" तो आवाज त्या भोवऱ्यातून आला.

मी हात काढला. चेहरा परत आला. पुन्हा झाकला. पुन्हा गेला.

बायको विचारत होती, काय दिसतंय, काय दिसतंय, आणि मी तिला ते सांगू शकत नव्हतो, कारण मुलगी समोर बसली होती. शेवटी म्हणालो, "थोडं अंधुक आहे." भाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. "उद्याच दाखव," एवढंच बोलून ते उठले. कॅमेरे त्यांनी नेले नाहीत.

त्या धक्क्यात आणखी एक धक्का होता. हे कधीपासून आहे, हे मला माहीत नव्हतं. मी रोज सीबहून कुरुमला हायवेवरून गाडी चालवत होतो. शिडीवर चढून वायरिंग तपासत होतो. ह्या डोळ्यात मधोमध काही नाही हे मला कोणी सांगितलं नाही, माझ्या दुसऱ्या डोळ्यानेसुद्धा नाही. तो गपचूप दोघांचं काम करत राहिला होता. मी घरभर फिरून एकेक वस्तू एका डोळ्याने बघत होतो. खिडकीच्या गजांना पोक आलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाला काटे नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाईंनीच गाडी चालवली. मला त्यांनी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही.

मस्कतच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तरुण ओमानी डॉक्टर होते. त्यांनी थेंब घातले, यंत्रापुढे हनुवटी ठेवायला लावली आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आडवा छेद स्क्रीनवर दाखवला. थरावर थर, समोसापट्टीसारखे, आणि मधोमध ते थर तुटलेले. दोन्ही कडा वर उचललेल्या.

"होल," ते म्हणाले.

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. सूज, डाग, नंबर, मोतीबिंदू, यांपैकी काहीही ऐकायची माझी तयारी होती. माझ्या डोळ्याला भोक पडलंय हे डोक्यात शिरेना. डॉक्टरांनी सांगितलं, की वयाबरोबर डोळ्यातली जेली आकसते आणि पडद्यापासून सुटते. कधीकधी सुटताना ती पडद्याचा मधला भाग ओढते आणि तो फाटतो. यात कुणाची चूक नसते. ऑपरेशन करून डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरायचा. तो बुडबुडा वर तरंगून भोकाला दाबून धरतो. पण भोक मागच्या बाजूला असतं, म्हणून पेशंटने तोंड जमिनीकडे करून राहायचं. जेवताना, झोपताना, आठवडाभर. आणि गॅस जिरेपर्यंत विमानात बसायचं नाही, कारण वर गेल्यावर गॅस फुगतो आणि डोळा जातो.

"भोक बुजेल ना?" मी विचारलं.

"इन्शाल्ला," ते म्हणाले.

हा शब्द मी साइटवर रोज ऐकतो. पंपाचा पार्ट कधी येणार, इन्शाल्ला. म्हणजे या आठवड्यात नाही. तोच शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकला आणि मला वाटलं, म्हणजे बुजणार नाही. त्यांनी तो मनापासून म्हटला होता, हे मला नंतर कळलं.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर मी पालथा. पलंगाच्या कडेवरून कपाळ उशांच्या फटीत ठेवलेलं आणि खाली फरशी. त्या दिवसांत मी घरातल्या माणसांना पायांवरून ओळखत होतो. बायकोच्या टाचांना भेगा होत्या, त्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. भाई शुक्रवारी आले, मोजे काढून माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि खाली वाकून माझ्याशी बोलले, म्हणजे मला त्यांचं तोंड दिसावं. उजव्या डोळ्यात गॅस हलायचा. त्याची कड गवंड्याच्या लेव्हलच्या नळीतल्या बुडबुड्यासारखी डुचमळायची.

मुलीला मात्र काम सापडलं. कॅमेऱ्याचा निकाल लागला नव्हता. तिने लॅपटॉप फरशीवर, माझ्या नाकाखाली ठेवला आणि दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो दाखवायला सुरुवात केली. एकच वस्तू, एकाच उजेडात, दोनदा. सकाळी बाल्कनीत काढलेल्या फोटोंत मला काही फरक दिसला नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात काढलेले बघितले तेव्हा भाईंची वाटी आणि परात कळली. लहान सेन्सरमध्ये बायकोच्या ओढणीवरची नक्षी रव्यात विरघळली होती. मोठ्या सेन्सरमध्ये एकेक टाका दिसत होता.

"आणि हा बघ," ती म्हणाली. "हा मोठ्या सेन्सरचा, हॉस्पिटलमधला. कॉरिडॉरमध्ये लाइट नव्हती जास्त, तरी किती क्लीन."

फोटोत एक बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. चपला काढलेल्या, पाय वर घेतलेले, ओढणीचा बोळा दातांत धरलेला. डोळे उघडे होते आणि कशाकडेही बघत नव्हते. ती माझी बायको आहे हे कळायला मला वेळ लागला. ऑपरेशन थिएटरमधून मला बाहेर आणलं तेव्हा ती हसत समोर आली होती. "मी काय, आरामात होते. कॉफी प्यायले, फोनवर बोलले," असं म्हणाली होती. मी ते खरं मानलं होतं.

"हे कधी काढलंस?"

"तू आत होतास तेव्हा. आईला माहीत नाही." मग ती थांबली. "नको होतं का काढायला?"

पालथ्या माणसाच्या डोळ्यातलं पाणी गालावर येत नाही, सरळ खाली पडतं. ते लॅपटॉपच्या बटणांवर पडलं आणि मुलीने घाईघाईने लॅपटॉप ओढून घेतला.

रात्री जेवताना मी बायकोला म्हणालो, "लहान सेन्सरचाच घेऊ."

"का? आता तर तुलाही पटलं होतं."

"तो दुसरा फार दाखवतो."

तिला काही समजेना. मग मुलीनेच तो फोटो तिच्यापुढे धरला. बराच वेळ मला फक्त तिचे पाय दिसत होते, न हललेले. मी वाट बघत होतो, की ती पोरीवर रागावेल.

"अशी बसले होते मी?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. "मला वाटत होतं मी नीट बसलेय." मग तिने माझ्यासमोर ताटली सरकवली. "मोठाच घेऊ. पक्षी थंडीपुरते येतात. आपण रोज असतो. आणि हा फोटो पुसायचा नाही."

मी म्हटलं, "तू मला कॉफी प्यायले म्हणून सांगितलंस."

"प्यायले होते. नंतर."

भाईंनी ओळखीच्या दुकानातून मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणून दिला. लहान सेन्सरचा त्यांनी परत नेला. "फ्लेमिंगो आले की मागून ने, भाड्याने देतो," असं म्हणाले. मग त्यांनी स्वतःचे डोळे तपासून घेतले. ठीक निघाले. तपासायला जाताना त्यांनी गाडी स्वतः चालवली नाही, असं त्यांच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलं.

गॅस हळूहळू जिरला. त्याची कड खाली खाली जात एक दिवस बुडबुडा वाटाण्याएवढा राहिला आणि मग दिसेनासा झाला. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी तोच आडवा छेद पुन्हा काढला. थर जोडले गेले होते. मधोमध किंचित खोलगट, तसा तो असायलाच हवा, असं त्यांनी सांगितलं. मी स्क्रीनकडे बघतच राहिलो. भोक पडलेलं ऐकून जेवढा हबकलो होतो, तेवढाच ते बुजलेलं बघून हबकलो. आनंद व्हायला घरी पोचेपर्यंत वेळ लागला.

डोळा पूर्वीसारखा झालेला नाही. खिडकीच्या गजांना अजून थोडा बाक दिसतो. बारीक अक्षरांतलं एखादं अक्षर शेजारच्यात घुसतं. वर्ष-दोन वर्षांत मोतीबिंदूही होईल, तो या ऑपरेशननंतर बहुधा होतो, असं डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलंय. कुरुमला ऑफिसात सकाळी माझी माणसं जमली की मी त्यांना एकेक डोळा झाकून समोरच्या भिंतीकडे बघायला सांगतो. नवीन आलेल्यांना वाटतं सुपरवायझर चेष्टा करतोय. जुने सरळ हात डोळ्यावर नेतात.