सांबारातला गूळ

कुमुदिनीबाई म्हणजे जात्याच संशयी. चेन्नईच्या टी. नगर बाजारातल्या दुकानात साडीची जर नखाने खरवडून बघितल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. नवऱ्याच्या नोकरीपायी नागपूरहून चेन्नईच्या आवडी उपनगरात आल्या, नवराही गेला, पण खोड गेली नाही. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते काय उगीच?

चौदा वर्षांपूर्वी कॅन्सरच्या गाठीपायी त्यांची डावी किडनी काढली. सगळं साफ निघालं, असं डॉक्टर म्हणाले, आणि बाईंनी जन्मात एकदाच कुणावर विश्वास ठेवला. यंदा मांडी ठणकायला लागली. चालवेना, झोपवेना. स्कॅन झाला. मुलगा विद्याधर रिपोर्ट घेऊन आला आणि पंख्याकडे बघत म्हणाला, "हाडं झिजलीत, आई. वय झालं."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

त्यात सून भांडेनाशी झाली. शरण्या तमिळ, मराठी शिकली तीच मुळी सासूशी नीट भांडता यावं म्हणून! दोघींचं जुनं वैर गुळावरून. बाई आमटीच्या सवयीने सांबारातही चिमूटभर गूळ टाकायच्या आणि शरण्या घर डोक्यावर घ्यायची. आता मात्र जे म्हणाल ते "बरं, अत्तै", म्हणजे बरं, सासूबाई. एवढी माया? कशासाठी?

रविवारी बाई लंगडत स्वयंपाकघरात गेल्या आणि सांबारात मूठभर गूळ लोटला.

शरण्याने घास घेतला. गिळला. "छान झालंय, अत्तै."

बाईंचा हात ताटातच थांबला. "विद्या, किडनीचंच परत आलंय ना? हाडात?"

विद्याधरने मान खाली घातली. "हो. इतक्या वर्षांनीही येतं म्हणतात. पण औषधं आहेत, आई, रेडिएशन आहे..."

"ते बघू. पण तू गं भवाने? जिवंतपणीच माझं तेरावं घालतेस? भांड की!"

शरण्याला रडू फुटलं. तिने ताट ढकललं. "भयंकर झालंय! सांबार नाही हे, पायसम आहे पायसम! कुत्रं खाणार नाही!"

"हं. आता कशी खरं बोललीस," बाई म्हणाल्या. मग सुनेचा खरकटा हात त्यांनी घट्ट धरला.

"भीती वाटते गं मला," त्या म्हणाल्या.

या बोलण्यावर मात्र त्या घरात कुणी संशय घेतला नाही.