काकांबरोबर वॉलआय धरताना

आमच्या शेजारच्या काकांच्या मते मासा न लागण्याचं कारण एकच असतं आणि ते बोटीच्या पुढच्या सीटवर बसलेलं असतं. म्हणजे मी. वारा फिरला, गळाची लाइन तिरकी झाली, आमिषाच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं, सगळ्याला मीच जबाबदार. गेल्या शरदात हे मी इतकं ऐकलं की एका रविवारी घरी येऊन ओले बूट गॅरेजमध्ये भिरकावले आणि नवऱ्याला सांगितलं, आता पुरे, मी पुन्हा जाणार नाही.

नवरा लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "मग जाऊ नकोस ना यार."

हे त्याला सोपं होतं. त्याला बोट लागते. धक्क्यावर नुसतं उभं राहिलं तरी त्याचा चेहरा पांढरा पडतो. म्हणून तर तीन वर्षांपूर्वी काकूंनी काकांची जोडीदार म्हणून मला निवडलं. काकांनी सत्तरी ओलांडली होती. ते मूळचे साताऱ्याचे, इथे मिशिगनमध्ये गाड्यांच्या कारखान्यात टूल डिझायनर म्हणून उभी हयात काढलेले. मासेमारी त्यांना कारखान्यातल्या सहकाऱ्यांनी शिकवली. काकूंनी एक दिवस जाहीर केलं की यापुढे एकट्याने पाण्यात जायचं नाही. त्या वेळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तळलेला वॉलआय खात होते आणि बोलून गेले की एकदा बघायला आवडेल. मी नागपूरची. पोहायला येतं, पण तोवर मासा पाहिला होता तो बाजारात किंवा ताटात.

वॉलआय हा इथल्या मोठ्या तळ्यांमधला मासा. अंगावर सोनेरी झाक आणि डोळे काचेच्या गोटीसारखे. उन्हाळ्यात तो किनाऱ्याच्या आसपास सापडतो, पण ऑक्टोबरात पाणी गार झालं की लहान माशांच्या थव्यांमागे दूर उघड्या पाण्यात, खोलवर जातो. तिथे त्याला धरायचं तर बोट एका जागी स्थिर धरायची, लाइनच्या टोकाला गळ असलेलं शिसं चाळीस फूट खाली तळापर्यंत सोडायचं, मग मनगटाने वीतभर उचलायचं आणि परत सोडायचं. उचल, सोड, थांब. दिवसभर. याला जिगिंग म्हणतात. काका म्हणतात, हापसा मारणं. आणि इतकं हापसूनही मासा हिसका वगैरे देत नाही. खाली जाणारं शिसं मध्येच थबकल्यासारखं वाटतं किंवा लाइन किंचित जड होते. तेवढ्यात उचललं तर मासा, नाहीतर नाही. सगळा खेळ बोटांच्या स्पर्शाचा.

काकांच्या बोटीत कामांची वाटणी ठरलेली होती. रॉड त्यांच्या हातात. मी पुढे बसून, हातात छोटा रिमोट घेऊन, विजेच्या मोटरने बोट जागेवर धरायची. एकाच वेळी दोन्ही कामं होत नाहीत म्हणून मी रॉड धरायचा नाही, हा त्यांचा नियम. पहिली दोन वर्षं मी तो आनंदाने पाळला. काका तेव्हा बडबडायचे, पण मासे लागायचे. आणि शिकवायचे छान. बोटीतल्या सोनारच्या स्क्रीनवर, जिथे पाण्याखालचं दिसतं, तिथली कुठली रेघ मासा, कुठली नुसती माती, हे मला त्यांनीच दाखवलं.

गेल्या वर्षी मात्र सप्टेंबर संपता संपता आम्ही पहिल्यांदा गेलो आणि सगळंच बिनसलं. आम्ही राहतो त्या नोव्हायहून पहाटे निघून दोन तास उत्तरेला ड्राइव्ह, मग बोट पाण्यात सोडून तासभर आत. स्क्रीनवर तळालगत जाडजाड रेघा दिसत होत्या. काकांच्या रॉडचं टोक खाली झुकलेलं मला स्वच्छ दिसलं. मी म्हटलं, काका, लागला. ते म्हणाले, तळ आहे तो, तू बोट हलवलीस. थोड्या वेळाने पुन्हा टोक झुकलं. पुन्हा तेच. चार वेळा असं झालं आणि त्यांच्या मते चारही वेळा मी बोट हलवली होती, जी मी हलवली नव्हती.

दुसऱ्या खेपेला त्यांनी पक्कड पाण्यात पाडली आणि मी ती काठावर ठेवली होती म्हणून मला बोलले. चहाचं झाकण त्यांच्या हातून निसटलं, तर मी ते घट्ट लावलं नव्हतं. हातमोजे काही काढेनात. पूर्वी हेच काका मला ऐकवायचे की मोजे घालून जिगिंग म्हणजे मोजे घालून पोळ्या लाटणं. मी आठवण करून दिली, तर म्हणाले, थंडी आहे. थंडी दरवर्षीच असते. त्याच दिवशी ते बूट मी भिरकावले.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "तुझ्याबद्दल फार कौतुक सांगत होते. म्हणाले, बोट अगदी सुतासारखी सरळ धरते."

मी फोन ठेवला आणि आधीपेक्षा जास्त चिडले. बोटीत मला मूर्खात काढायचं आणि घरी जाऊन काकूंसमोर कौतुक करायचं, हे कुठलं वागणं? पण काकूंचा आवाज इतका समाधानी होता की त्यांना नाही म्हणणं जमलं नाही. तिसऱ्या खेपेला मी गेले.

तो ऑक्टोबरच्या मधला शनिवार होता. वायव्येचा वारा, आकाश राखाडी, किनारा दिसत नव्हता. काकांनी तीन तासांत सहा जागा बदलल्या. प्रत्येक जागी स्क्रीनवर मासे होते आणि प्रत्येक जागा माझ्या हातून बिघडली. माझी बोटं रिमोटवर गोठली होती. लाटा बोटीच्या नाकावर घ्यायला मला ती सतत वळवावी लागत होती. सातव्या जागी काका शिशाचा तुकडा बदलत होते. मोजे त्यांनी त्यासाठी काढले होते. मान खाली घालून ते मला समजावत होते की गेल्या वर्षी मी बरी होते, या वर्षी माझं लक्ष कुठे असतं कोण जाणे, ऑफिसचं टेन्शन बोटीत आणायचं नसतं.

मी उत्तर द्यायला वळले आणि त्यांच्या जॅकेटची बाही दिसली. मनगटापर्यंत लाल. खाली बोटीच्या पांढऱ्या तळावर थेंब पडत होते. गळ त्यांच्या अंगठ्यात घुसला होता, अगदी आतपर्यंत, आणि ते त्याच हाताने गाठ आवळत मला बोलत होते.

"काका," मी म्हटलं, "तुमच्या अंगठ्यात गळ आहे."

त्यांनी खाली पाहिलं. ओरडले नाहीत, दचकलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसे बघत राहिले.

मी मोटर बंद केली, नवी पक्कड घेतली आणि त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो, त्यामुळे तो मागे ओढता येत नाही. पुढे ढकलून टोक बाहेर काढायचं, काटा तोडायचा आणि मग मागे घ्यायचा. हे मला काकांनीच पहिल्या वर्षी शिकवलं होतं, एका संत्र्यावर. त्यांचा हात अगदी शांत होता. टोक कातडीतून बाहेर आलं तेव्हा मी वर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्या दिवसातलं सगळ्यात वाईट तेच होतं.

मी कागदी टॉवेल गुंडाळून वर चिकटपट्टी लावली. मग त्यांनी सांगितलं. डायबेटिसमुळे नसा गेल्या आहेत. आधी पावलं, मग बोटं. डॉक्टर वसंतातच म्हणाले होते. काकूंना सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर त्या बोट विकायला लावतील.

मला दया यायला हवी होती. ती आलीही, पण आधी राग आला. मी म्हटलं, तीन खेपा तुम्ही मला बोलताय. मला खरंच वाटायला लागलं होतं की मला काही जमत नाही. तुम्हाला ठाऊक होतं की मी बोट हलवली नव्हती.

काकांनी दुसऱ्या हाताने मोजे उचलून खिशात घातले. मग म्हणाले, "तुझं चुकलं म्हटलं की माझं काही बिघडलं नाहीये असं वाटायचं."

पुढे म्हणाले, चल, परत जाऊ. मी नाही म्हटलं. रक्त थांबलं होतं, आणि पहाटे चारला उठून दोन तास ड्राइव्ह करून, तीन तास शिव्या खाऊन मी रिकाम्या हाताने जाणार नव्हते. मी रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि रॉड उचलला. रिमोटची बटणं डोळ्यांनी बघून दाबता येतात.

आणि त्यांनी बोट धरली. वाऱ्याच्या तोंडावर, लाटांवर, खिळा ठोकल्यासारखी. माझी लाइन सरळ खाली. हे बघून माझं डोकं आणखी तापलं, कारण या कामात ते माझ्याहून सरस होते आणि इतके दिवस मी धडपडत होते.

शिसं तळाला टेकलं. काकांनी विचारलं, "कसं वाटलं?"

मी म्हटलं, टेकलं. तेवढ्याने त्यांचं भागेना. मऊ टेकलं की टणक? मी सांगितलं, भाताच्या पातेल्यात डाव टेकावा तसं. मग चिखल आहे, म्हणत त्यांनी बोट थोडी डावीकडे नेली. आता? आता तव्यावर उलथनं घासल्यासारखं. ही खडी, इथेच थांबायचं, म्हणाले. दर मिनिटाला विचारणं चालू. मी उचलत होते, सोडत होते आणि धावतं वर्णन करत होते. एकदा तर मी म्हटलं, काका, जरा गप्प बसाल का, मला काही कळत नाहीये. ते गप्प बसले, साधारण एक मिनिट.

आणि मग खाली जाणारं शिसं मध्येच थबकलं. कुणीतरी हलकेच तळहातावर झेलल्यासारखं. मी उचललं. रॉड वाकला आणि खालून जड, संथ डोकं हलल्याचे धक्के येऊ लागले. काका उभे राहिले. मी ओरडून त्यांना खाली बसवलं. जाळं त्यांनी पहिल्यांदा चुकवलं, दुसऱ्यांदा मासा आत आला. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीचा होता. तीन वर्षांत मी स्वतः धरलेला पहिला. काका म्हणाले, उचलायला तू उशीर केलास, नशिबाने राहिला.

परतताना गाडीत मी अट घातली की काकूंना आजच सांगायचं. ते म्हणाले, उद्या. त्यांच्या दारात मी गाडी थांबवली आणि दारं लॉक ठेवली. पाच मिनिटं आम्ही तसेच बसलो. शेवटी ते म्हणाले, बरं.

त्यांनी सांगितलं ते असं की, जरा गळ लागला. काकूंनी पट्टी सोडली, अंगठा पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. उरलेलं मी सांगितलं. काकू माझ्याकडेच वळल्या. मला म्हणाल्या, "तू तीन खेपा समोर होतीस, तुला दिसलं नाही?" आणि काकांना धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला घेऊन गेल्या. ओला मासा पिशवीत घेऊन मी त्यांच्या ओट्याजवळ एकटीच उभी राहिले. शेवटी मीच तो साफ केला, काकांना चुकीच्या वाटणाऱ्या माझ्या पद्धतीने, आणि त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवला.

बोट विकली गेली नाही. काकूंनी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली, सगळ्या चपला-बूट बदलले, रोज रात्री पावलं तपासायला सुरुवात केली. आणि नोव्हेंबर लागेपर्यंत दर आठवड्याला मला फोन करून विचारलं, कधी जाताय?

शेवटच्या खेपेला आम्ही मोजून दोन तास पाण्यात होतो. वारा नव्हता. काकांनी अचानक रिमोट मला दिला आणि रॉड मागितला. मी कंटाळले होते, पण दिला. त्यांनी लाइन खाली सोडली, मग रॉडच्या पुढची लाइन डाव्या हाताने ओढून आपल्या गालाला टेकवली आणि डोळे मिटले. ओली, बर्फासारखी लाइन. मी म्हटलं, काका, हे काय चालवलंय? गाल कापेल. त्यांनी हाताचं बोट वर करून मला गप्प केलं.

मी रिमोटने बोट जागेवर धरून राहिले. बराच वेळ काही झालं नाही.

मग डोळे न उघडता काका म्हणाले, "खडी आहे खाली."