दुसरा शेला

भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला मला आवडतात, मानायला नाही. माझा धंदाच फुंकरीचा... फुंकर मारली तर आवाज येतो, नाही तर येत नाही. एवढंच माझं शास्त्र. तरीही हा अनुभव या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवतोय. कोणाला उलगडला तर जरूर कळवावं.

मी क्लॅरिओनेट वाजवतो. शिकलो पलटणीच्या बँडमध्ये, पण कवायतीच्या चालींत जीव रमेना, म्हणून त्याच बाज्यावर राग बसवले, स्वतःच्या चीजा बांधल्या. वऱ्हाडात हा बाजा माझ्यासारखा कोणी वाजवत नाही असं लोक म्हणतात. मी कशाला त्यांना खोटं पाडू?

साथीला माझे चुलते, अकोल्याचे रामजीकाका. आमच्याकडे सनईवाल्याच्या मागे एक जण दुसरी सनई घेऊन नुसता एकच सूर धरून बसतो. गालात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा, सूर तुटू द्यायचा नाही. माझ्यामागे ते काम काका करायचे.

अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे कापसाला सोन्याचे दिवस आले होते. अमरावतीच्या एका कापूसवाल्या शेठजींना मुलांना शिकवायला, नव्या चीजा बांधायला मास्तर हवा होता. हंगामातल्या कापसाच्या पहिल्या गाडीची पूजा झाली की सर्वांसमोर वाजवून दाखवायचं. पसंत पडलो तर ठीक, नाही तर पुन्हा बँडमध्ये, साहेबांच्या जेवणाला मार्च वाजवत... ते मला अगदी मनापासून नको होतं.

आणि नेमके निघायच्या वेळी काका तापाने फणफणले.

"तू जाय बापू," ते म्हणाले. "काहून घाबरतं? मी हाय ना तुह्या मांगं."

तापातलं बोलणं म्हणून मी सोडून दिलं आणि एकटाच बैलगाडीने अमरावतीला गेलो.

पूजा लांबली. क्लॅरिओनेट तेवढा वेळ माझ्या मांडीवर, उन्हात! बाजा तापला की त्याचा सूर चढतो, हे मला कळायला हवं होतं. तसाच भीमपलास सुरू केला... आणि मागून सूर लागला. शेठजींनी गावातला कोणी सनईवाला बसवला असेल, असं मी धरून चाललो. मध्येच बाजा आणखी चढू लागला. मला घाम फुटला. पण मागचा सूरही माझ्याबरोबर केसाकेसाने चढत गेला. असं फक्त काकांनाच साधायचं. लय तुटेल म्हणून मी मान वळवली नाही.

चीज संपल्यावर वळून पाहिलं — मागे कापसाचा ढीग. माणूस नाही.

शेठजी खूश. रीतीप्रमाणे त्यांनी दोन शेले काढले, एक वाजवणाऱ्याला, एक सूर धरणाऱ्याला. "तुमचा सूरवाला कुठी गेला मास्तर? लय दमदार मानूस!" म्हणजे ऐकणारा मी एकटा नव्हतो. मी दोन्ही शेले घेतले आणि काहीतरी पुटपुटलो.

नोकरी पक्की झाली. आनंदात अकोला गाठलं. काकांचा ताप उतरला होता, पण काकू रागात.

"तिथं पयल्या गाडीची पूजा होती ना, त्या दिवशी दुपारभर गाल फुगवून बसले होते. हातात काई नाई! मी बोलली त हातानंच चूप केलं मले."

अमरावतीत काय झालं ते मी अजून सांगितलंही नव्हतं, शेले पिशवीतच होते.

"बाजा उन्हात ठेवला होता ना रे?" काका खाटेवरून म्हणाले. "तुह्या संगं चढता चढता माही छाती फुटाची वेळ आली. आन, माहा शेला दे."

मी पिशवीतून काढून दिला. त्यांनी तो ऐटीत खांद्यावर टाकला.

"काका, पण तुमी तं इथं होते... मंग हे कसं?"

"कसं म्हंजे? तुहा सूर मीच धरतो ना?"

आज शिष्यांना शिकवताना तापलेला बाजा का चढतो ते मी नीट समजावून सांगतो. पुढचं मला अजूनही सांगता येत नाही.