अकरा नंबरचा पट्टा

हॉलिस टटल खाली बघत चालायचा. किराणा दुकानाच्या पार्किंगमधून, चर्चच्या अंगणातून, कोळंबीच्या बोटी लागतात त्या धक्क्यावरून, कुठूनही. खिळा, नट, तारेचा तुकडा, जे दिसेल ते उचलून खिशात टाकायचा. त्याची बायको नॉर्मा होती तोवर कपडे धुवायला टाकण्याआधी त्याचे खिसे उलटे करायची. "चाळीस वर्षं झाली लग्नाला," ती शेजारणींना सांगायची, "या माणसानं अजून आकाश बघितलेलं नाही." शेजारणी हसायच्या. हॉलिसही हसायचा.

नौदल सोडल्यावर सत्तावीस वर्षं त्यानं शाळेची बस चालवली. शेवटचं मूल उतरलं की तो एकेका बाकाखाली वाकून बघायचा, गुडघे दुखायला लागले तेव्हाही. मुलांच्या आयांना तो फार आवडायचा. चांगल्या माणसाची जी म्हणून लक्षणं लोक सांगतात ती सगळी त्याच्यात होती, आणि ती सगळी त्याला एकाच सकाळी चिकटली होती.

ती सकाळ १९७१ सालातली, टोंकिनच्या आखातात उभ्या असलेल्या 'ब्रँडीवाइन' या विमानवाहू जहाजावरची. जेट इंजिन समोरचं सगळं आत ओढतं. करंगळीएवढा बोल्ट आत गेला तरी ते फुटतं. म्हणून रोज उड्डाणांआधी डेकवरची सगळी माणसं खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभी राहायची आणि जहाजाच्या नाकापासून शेपटीपर्यंत माना खाली घालून चालत जायची. ज्याचा त्याचा पट्टा ठरलेला. अकरा नंबरचा पट्टा लॉनी मेबरी या एकोणीस वर्षांच्या खलाशाचा होता.

माणसं कंटाळून नुसतीच चालू नयेत म्हणून त्यांचा म्होरक्या अधूनमधून एक बोल्ट पिवळ्या रंगात बुडवून डेकवर टाकायचा आणि तसं जाहीर करायचा. ज्याला तो सापडेल त्याला अधिकाऱ्यांच्या खानावळीत स्टेक आणि एका पाळीची सुट्टी. नियम एकच होता. टाकलेला बोल्ट टाकणाऱ्याच्या हातात परत आला पाहिजे. नाही आला तर त्यानं उड्डाणं थांबवायची.

म्होरक्या होता हॉलिस, सव्वीस वर्षांचा. लॉनीनं लागोपाठ तीनदा बोल्ट शोधून दिला होता. तिसऱ्यांदा देताना तो सगळ्यांदेखत म्हणाला, "जरा अवघड जागी टाकत जा ना. मला स्टेकचा कंटाळा आलाय." सगळे हसले. चौथ्या वेळी हॉलिसनं काही जाहीर केलं नाही. विमानाच्या साखळ्या अडकवायला डेकमध्ये वाटीसारखे खड्डे असतात आणि त्यांत आडव्या पट्ट्या असतात. अकरा नंबरच्या पट्ट्यातल्या एका खड्ड्यात, पट्टीच्या खाली, त्यानं बोल्ट सरकवला. माणसाच्या डोळ्याला तो दिसणं शक्य नव्हतं, आणि हॉलिसला नेमकं तेच हवं होतं.

रांग शेपटीपाशी पोचली. बोल्ट कुणी आणून दिला नाही. पहिल्या विमानाची इंजिनं सुरू झाली होती. आता उड्डाण थांबवायचं तर वरच्या काचेमागे बसलेल्या अधिकाऱ्याला सांगावं लागणार की डेकवर बोल्ट आहे आणि तो मीच टाकलाय. हॉलिसनं स्वतःला सांगितलं की लॉनीनं तो खिशात घातला असेल, मला खेळवत असेल. सात मिनिटांनी लेफ्टनंट ॲशबर्नचं विमान डेकच्या टोकाशी फुटलं आणि खाली पाण्यात गेलं.

चौकशीत डेकवर उडालेल्या इंजिनाच्या तुकड्यांत चावून निघालेलं लोखंड सापडलं, रंग जळून गेलेलं. विमान उभं होतं अकरा नंबरच्या पट्ट्यावर. कागदावर कुणाचंच नाव लागलं नाही. डेकवर लागलं. लॉनीच्या ताटात बोल्ट यायला लागले, उशीत लोखंडाचा चुरा. नऊ दिवस त्याच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. दहाव्या दिवशी जहाजानं विषुववृत्त ओलांडलं. त्या दिवशी जुने खलाशी नव्यांना रांगेतून रांगत नेतात आणि आग विझवायच्या पाइपाचे तुकडे घेऊन बडवतात. दरवर्षीचीच गंमत, बाकीच्यांना हसत हसत दोनदोन फटके. लॉनीला त्यांनी नाक डेकला लावून अकरा नंबरचा पट्टा पूर्ण रांगायला लावलं. "शोध," ते ओरडत होते, "शोध, आज स्टेक आहे." रांगेच्या तोंडाशी हॉलिस होता. त्यानं हात आखडता घेतला असता तर लोकांनी त्याच्याकडे बघितलं असतं. म्हणून त्यानं जोरात मारलं.

दोन दिवसांनी सकाळच्या मोजणीत एक माणूस कमी भरला.

ब्रँडीवाइन भंगारात निघाल्याची बातमी आली तेव्हा हॉलिस चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि जहाजावरच्या जुन्या सोबत्यांच्या संघटनेचा अध्यक्ष. फिलाडेल्फियाहून टग, म्हणजे ओढणाऱ्या छोट्या बोटी, जहाजाला आणणार आणि ते पोर्ट इझाबेलच्या दगडी बांधाजवळून खाडीत शिरून ब्राउन्सव्हिलच्या तोडणीच्या यार्डात जाणार. बांधाजवळच्या बागेत संघटना एक दगड बसवणार होती. त्यावर जहाजावर मेलेल्यांची एकतीस नावं. बत्तिसाव्यासाठी पत्र आलं होतं, आर्कान्सातून, लॉनीच्या बहिणीचं. पत्रापाठोपाठ वांडा मेबरी स्वतःही आली.

जहाज बारापर्यंत येणार होतं. दहा वाजता माजी सैनिकांच्या हॉलमध्ये पंधरा म्हातारे जमले. मतदानाला बाहेरच्यांनी बसायचं नाही असा नियम, म्हणून वांडा व्हरांड्यातल्या बाकावर थांबली.

"मेबरीबाईंचं म्हणणं आहे की भावाचं नाव दगडावर असावं," हॉलिस म्हणाला.

"कुठे? ॲशबर्नच्या वर की खाली?" रॉस्को पेल्टियरनं विचारलं. लुइझियानाचा हा आडदांड माणूस आता नाकात ऑक्सिजनची नळी घालून बसला होता. "मागच्या बाजूला घाला. त्याला तो बोल्ट सापडला नाही, त्याचं नावही कुणाला सापडू नये."

ते हसले. अठ्ठेचाळीस वर्षं दर मेळाव्यात ते यावर हसत आले होते आणि अध्यक्ष म्हणून हॉलिसनं दरवेळी त्यांना हसून होऊ दिलं होतं. या वेळी तो उभा राहिला.

"बोल्ट मी टाकला होता. पिवळा. खड्ड्यातल्या पट्टीखाली लपवला होता. त्या पोराला दिसणं शक्यच नव्हतं."

कुणी खुर्ची सरकवली.

"चीफ, बस खाली," विन्स डेलुका म्हणाला. तो टपाल वाटून निवृत्त झालेला वाळका, शांत माणूस होता. "सकाळचं इन्सुलिन घेतलंस का?"

"घेतलं. मीच टाकला, विन्स. उड्डाण थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं."

"बरं. टाकलास." विन्सनं टोपी काढून टेबलावर ठेवली. "त्याच्या उशीत चुरा मी भरायचो. नऊ रात्री. तो कूस बदलायचा तेव्हा मी खालच्या बंकवर जागा असायचो, ऐकत. मला वाटायचं, बरोबर आहे, यानं माणूस मारलाय. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो. आणि तू मला सांगतोस की त्यानं काहीच केलं नव्हतं?"

"हो."

"मग नको सांगूस."

रॉस्कोनं नळी सारखी केली. "हे बघ चीफ. एवढी वर्षं तोंड शिवून बसलास. दोनचार वर्षं अजून बसला असतास तर सगळ्यांचंच निभलं असतं. तुला आत्ताच मोकळं व्हायचं होय? आमच्या अंगावर ओकून?"

"मत घ्या," मागून कुणीतरी म्हणालं.

ज्यांना नाव नको त्यांनी हात वर करायचे होते. हात मोजायचं काम अध्यक्षाचं. हॉलिसनं मोजले. चौदा. विन्सचा हात सगळ्यात उंच होता.

व्हरांड्यात वारा होता. वांडाच्या मांडीवर फॉइलमध्ये गुंडाळलेला टाको तसाच पडला होता. साठी ओलांडलेली बुटकी बाई, पुरुषी जाकीट घातलेली.

"नाही म्हणाले," हॉलिस म्हणाला.

"का?"

एवढ्यावर निघून जाता आलं असतं. मतं मिळाली नाहीत, मला वाईट वाटतं, एवढंच. तिच्या शेजारी बाकावर बसून त्यानं सगळं सांगितलं. तीन स्टेक, चौथा बोल्ट, सात मिनिटं, पाइपाचा तुकडा.

"हे तुम्ही आत सांगितलंत?"

"सांगितलं."

"सांगितल्यावर त्यांनी हात वर केले?"

"हो."

"म्हणजे त्यानं चूक केली म्हणून आजवर नाव नव्हतं," वांडा म्हणाली, "आणि त्यानं केली नाही म्हणून आता नाही."

ती उठली आणि बांधाच्या दिशेनं चालू लागली. हॉलिस तिच्या मागे गेला.

बांधावर ते चौदाजण आधीच येऊन उभे होते, निळ्या टोप्या घालून, खांद्याला खांदा लावून. कडेला रॉस्कोची चाकाची खुर्ची आणि सिलिंडर. खाडीच्या तोंडाशी तीन टग दिसत होते आणि त्यांच्या मागे ब्रँडीवाइन. गंजून लालसर झालेली, खिडक्यांवर पत्रे ठोकलेली. गावाहून मोठं काहीतरी मेलं होतं आणि त्याला गावातून नेत होते. हॉलिसनं रात्रंदिवस हिचीच वाट बघितली होती. तो रांगेकडे वळला तेव्हा रॉस्कोनं खुर्ची आडवी घातली. "तू तिकडे थांब, चीफ."

वांडानं जाकिटातून फोन काढला. "माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे," ती म्हणाली. "लॉनीचा फोटो तिनं ७१ सालीच भिंतीवरून काढला. ॲशबर्नच्या बायकोला दर ख्रिसमसला पत्र लिहून माफी मागायची, ती बाई मरेपर्यंत. तुम्ही तिला सांगा."

"फोनवर?"

"तिला प्रवास झेपत नाही." तिनं नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला.

"कोण रे?" पलीकडून म्हातारा, करडा आवाज आला. "मोठ्यानं बोल, मला ऐकू येत नाही."

हॉलिसनं सांगितलं. टगनं भोंगा दिला आणि त्याचं बोलणं बुडालं.

"परत सांग."

तो जहाजाकडे पाठ करून वाकला, दुसऱ्या कानावर हात दाबला आणि ओरडून सांगितलं. बांधावरचे मासे धरणारे त्याच्याकडे बघायला लागले. त्याच्या मागून जहाज सरकत होतं. बांधावर त्याची सावली पडली, थंड, लांबलचक, आणि पुढे सरकत राहिली. त्यानं वळून बघितलं नाही.

"कुठे लपवलास म्हणालास?"

"साखळीच्या खड्ड्यात. पट्टीखाली."

"त्याला दिसला असता?"

"नाही."

"कुणालाही?"

"नाही."

"टटल म्हणजे लॉनी गेल्यावर मला पत्र लिहिलंस तोच ना? 'डेकवर त्याच्यासारखी नजर कुणाची नव्हती,' असं?"

"तोच."

"दर रविवारी वाचते मी ते," म्हातारी म्हणाली. "त्याच्याबद्दल कुणी लिहिलेली तेवढी एकच बरी ओळ." मग भांडं ठेवल्यासारखा काहीतरी आवाज झाला. "त्याला मारायला तू एकटाच होतास?"

"नाही."

"बाकीचे कुठे आहेत?"

"इथेच उभे आहेत."

"दे त्यांना फोन. एकेकाला दे. मला सगळ्यांशी बोलायचंय."

जहाजाचं शेपूट बांधासमोर आलं होतं. चौदाजणांनी कपाळाला हात लावून सलामी धरली होती. हॉलिस रांगेच्या एका टोकाला गेला आणि पहिल्या माणसासमोर फोन धरला. त्या माणसाचे डोळे जहाजावर होते. हात कपाळावरून हलला नाही. हॉलिस दुसऱ्यापुढे गेला. मग तिसऱ्यापुढे. विन्सपुढे तो जास्त वेळ थांबला. विन्सच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्यानं असेल, पण त्याचाही हात कपाळालाच होता. रॉस्कोनं डोळे मिटून घेतले.

"कुणी घेतला का?" फोनमधून आवाज आला.

जहाज कधीच पुढे निघून गेलं होतं आणि ते सलामी सोडायला तयार नव्हते.

"अजून नाही," हॉलिस म्हणाला, आणि पुन्हा पहिल्या माणसाकडे गेला.