खाडीचं मुख बंद झालं त्या वर्षी

फिदेन्सियो ओल्वेरा बोलायला लागला की होडीचं मशीन बंद पडलं तरी लोकांच्या लक्षात येत नसे. ला बारिताहून सांता एदुविखेसला जायचं तर खाडीचं मुख ओलांडावं लागतं. पलीकडचं गाव समोर दिसतं, तिथल्या चर्चची घंटा आमच्या चुलीपाशी ऐकू येते, पण रस्त्याने जायचं म्हटलं तर अख्ख्या खाडीला वळसा पडतो. बसस्टँड, दवाखाना, बुधवारचा बाजार आणि पैसे काढायचं एकुलतं एक यंत्र, सगळं तिकडे. आमच्याकडे चांगला किनारा, चार लॉज आणि तळलेले मासे. त्यामुळे पाहुण्याला फिदेच्या होडीत बसावंच लागे, आणि बसला की ऐकावंही लागे.

"शुक्रवारी दुपारपर्यंत पैसे काढून घ्या," तो सांगे. "शनिवारी ते यंत्र नुसता आवाज करतं, देत काही नाही. माझ्या मेव्हण्यासारखं आहे ते."

शेवटची बस कधी सुटते, कुठल्या विहिरीचं पाणी पोटाला बाधतं, संध्याकाळी डास यायच्या आत कुठे जेवून घ्यावं, हे सगळं तो मुख पार होईपर्यंत सांगून टाकी. विचारलं नाही तरी सांगे. माझा माशांचा ठेला धक्क्यावरच आहे, त्यामुळे हे बोलणं मी रोज ऐकलंय. मी रेमेदियोस. फिदेच्या मुलीच्या, मारिक्रूसच्या, बाप्तिस्म्याला मी तिची धर्ममाता, माद्रिना, झाले. तेव्हापासून फिदे आणि त्याची बायको ओब्दुलिया मला कोमाद्रे म्हणतात, आणि मी त्याला कोंपाद्रे. आमच्या दोन घरांमध्ये नुसतं काट्यांचं कुंपण आहे.

मारिक्रूस शिकली आणि आन्सेल्मो किरोसच्या लॉजवर पाहुण्यांच्या टेबलापाशी बसू लागली. बापाची बडबड तिने जणू इस्त्री करून घेतली होती. तेच सांगायची, पण नीट, हसून, हाताने नकाशा काढून. शेवटी म्हणायची, "धक्क्यावर जा आणि फिदेला विचारा. तो माझा बाप आहे, ऐकायची तयारी ठेवा." पाहुणे हसत हसत धक्क्यावर येत. फिदेला त्याचा फार अभिमान होता. तसं तो बोलून दाखवत नसे, पण लॉजवरून आलेल्या माणसाला तो होडीत पुढची, सावलीतली जागा देई.

मग त्या डिसेंबरात समुद्र खवळला. वादळ असं काही नव्हतं. आकाश स्वच्छ, आणि लाटा मात्र कुठून तरी लांबून चालून आल्यासारख्या. आठवडाभर त्या वाळू आणून टाकत राहिल्या. लाटा थांबल्या तेव्हा मुखाच्या जागी वाळूचा पट्टा होता, एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत, कोरडा. पहिल्या दिवशी पोरं त्यावरून पळत पलीकडे गेली आणि परत आली. मग बायका बाजाराच्या पिशव्या घेऊन गेल्या. फिदे होडीत बसून बघत होता.

"उघडेल," तो म्हणाला. "दरवेळी उघडतं."

पूर्वीही एकदोनदा मुख असं बंद झालं होतं, आणि पाण्याच्या जोराने आपोआप उघडलंही होतं. या वेळी ते उघडलं नाही. बाकीचे होडीवाले वाट बघून कंटाळले. दोघे सांता एदुविखेसला रिक्षा चालवायला लागले, एक भावाकडे उत्तरेला गेला. फिदे तेवढा रोज सकाळी येऊन होडीतलं पाणी उपसून टाकी आणि बसे.

एके दिवशी एक जोडपं लॉजवरून येताना दिसलं. फिदे उठून उभा राहिला. ती दोघं त्याच्याकडे बघून मान हलवून पुढे गेली, चपला हातात घेऊन, वाळूवरून. संध्याकाळी मारिक्रूस माझ्या ठेल्यावर आली, तेव्हा तो तिथेच होता.

"तू त्यांना काय सांगितलंस?" त्याने विचारलं.

"काय सांगणार, आपा? चालत जाता येतं, तर चालत जा म्हणून सांगितलं. होडीत बसा आणि वाळूवर ढकला, असं सांगू का?"

मला हसू आलं. फिदे हसला नाही. "बरोबर आहे," म्हणाला आणि घरी गेला. मारिक्रूसचा चेहरा पडला. "मी काय चुकीचं बोलले, माद्रिना?" तिने मला विचारलं. मी तिला मासा वाढला.

फेब्रुवारीत खाडी आजारी पडली. नदी वरून पाणी आणत होती आणि ते जायला वाट नव्हती. पाणी वाढलं, हिरवं झालं, त्याला वास यायला लागला. मग मासे पोट वर करून तरंगायला लागले. खाडीकाठच्या कोळ्यांच्या झोपड्यांत पाणी शिरलं. ओब्दुलियाच्या अंगणातल्या कोंबड्या कुंपणावर बसून राहायच्या. खाडीतले मासेच मेल्यावर मी सांता एदुविखेसच्या बाजारातून मासा विकत आणून ला बारितात तळत होते. लाज वाटायची, पण पोट होतं.

शाळेच्या पटांगणात सभा झाली. कोळी म्हणाले, खणून मुख उघडू या. आन्सेल्मो किरोस म्हणाला, ईस्टरचा आठवडा होऊ दे. पलीकडून लोक चालत जेवायला येतात, असा हंगाम पुन्हा मिळायचा नाही.

"मासे ईस्टरपर्यंत थांबायला तयार आहेत का, विचारलंस?" फिदे म्हणाला.

"तू माशांसाठी बोलतोयस की होडीसाठी, फिदे?" आन्सेल्मोने विचारलं.

लोक हसले. फिदे खाली बसला. दोन्हींसाठी बोलत होता तो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, पण सगळ्यांसमोर ते त्याला सांगता आलं नाही. ईस्टरनंतर बघू, असं ठरलं.

फिदेने ते मानलं नाही. कोळ्यांपैकी दोघा भावांना घेऊन त्याने पौर्णिमेनंतरची मोठी ओहोटी गाठली. पहाटे उजाडता उजाडता ते तिघे फावडी घेऊन पट्ट्यावर गेले. खाडीचं पाणी वर, समुद्र खाली. मधोमध हातभर रुंद चर खणला की पुरे, बाकीचं काम पाणी करतं. चर पुरा झाला, पाण्याची एक धार समुद्राकडे निघाली. तिघे बाजूला होऊन बघत उभे राहिले. आधी ते पोरांच्या खेळासारखं दिसत होतं. मग कडा ढासळायला लागल्या. धारेचा ओहोळ झाला, ओहोळाची नदी झाली, आणि तिचा आवाज मला ठेल्यावर ऐकू आला. मी कढई उतरवून धावले.

त्याच वेळी पट्ट्यावरून दोन माणसं चालत येत होती. इरापुआतोचे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको, आन्सेल्मोच्या लॉजवर उतरलेले. फावडी घेऊन तिघे पट्ट्यावर यायच्या आधीच, अंधारात, ते पलीकडे गेले होते आणि आता नाश्त्याला परत येत होते. खणणारे तिघेही आमच्याच बाजूला उभे होते. पलीकडच्या टोकाला कोणाला उभं करावं, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. फिदेने हात हलवले, ओरडला. पाण्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसणार. मास्तरांनीही हात हलवला, नमस्कार केल्यासारखा. ते बघायला म्हणून दोन पावलं पुढे आले, आणि त्यांच्या पायाखालची वाळू गेली. बायको मागे होती. ती बसली तिथेच.

फिदे होडीकडे धावला. तसल्या पाण्यात होडी घालणं म्हणजे वेडेपणा, हे त्याच्याएवढं कोणाला माहीत नव्हतं. त्याने घातली. पाण्याने ती मुखातून फेकल्यासारखी बाहेर काढली, लाटेवर आडवी केली आणि उलटी केली. कोळ्यांनी त्याला खालच्या किनाऱ्यावर ओढून काढलं तेव्हा त्याचं खांद्याचं हाड मोडलेलं होतं. मास्तर तीन दिवसांनी सापडले.

चौकशीला सरकारी माणसं आली. त्यांनी एकेकाला विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, मुख आपोआप उघडलं, इथे असं होतं. मीही तेच सांगितलं. आन्सेल्मो किरोसनेही तेच सांगितलं, आणि तो फिदेला वाचवायला सांगत नव्हता. गावाचं नाव खराब झालं तर पुढच्या हंगामात कोण येणार, एवढंच त्याला कळत होतं. मास्तरांच्या बायकोने लॉजच्या पायरीवर बसून विचारलं, "कोणी उघडलं ते?"

"समुद्राने," आन्सेल्मो म्हणाला. बाईंनी मान हलवली. त्यांची बॅग मारिक्रूसने भरून दिली.

फिदेला बोलायचं होतं. गळ्यात हात बांधलेला, तसाच तो सरकारी माणसांकडे निघाला होता. ओब्दुलिया दारात आडवी उभी राहिली.

"कुठे चाललास?"

"सांगायला."

"सांगून मास्तर येणार आहेत का परत? त्या दोघा पोरांना पण तुझ्याबरोबर नेतील. त्यांची लेकरं मी सांभाळू? बस खाली."

तो बसला. माझ्या कुंपणापलीकडून मी हे ऐकलं, आणि ओब्दुलियाचं चुकतंय असं मला वाटलं नाही. आजही मला नक्की सांगता येत नाही.

मुख उघडल्यावर खाडी महिन्याभरात निवळली. मासे आले. ईस्टरला पाहुणे आले, होडीवाले परत आले, त्यांना उसंत मिळेना. फिदेची होडी कोळ्यांनी शोधून, दुरुस्त करून धक्क्याला आणून बांधली होती. तो तिच्याकडे गेला नाही. शेवटी त्याने ती त्या दोघा भावांना देऊन टाकली. तो अंगणात बसून लोकांची जाळी शिवायला लागला. खांदा नीट जुळला नाही, त्यामुळे हात वर जात नसे, पण जाळं शिवायला हात वर न्यावा लागत नाही. बोलणं मात्र अगदी गेलं. कोणी पाहुणा वाट चुकून अंगणाशी आला आणि काही विचारलं तर तो ओब्दुलियाला हाक मारी.

मारिक्रूसने लॉजची नोकरी सोडली आणि ती ग्वादलाहाराला गेली. तिथे एका कापडाच्या दुकानात लागली. आईला फोन करायची. बापाला "कसे आहात, आपा" विचारायची, तो "बरा" म्हणायचा, मग फोन ओब्दुलियाकडे. दोन वर्षं हे असंच चाललं.

मग ओब्दुलियाच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मारिक्रूस आली. बसने सांता एदुविखेसला उतरली आणि तिथून टॅक्सी करून सगळ्या खाडीला वळसा घालून घरी पोचली. धक्क्यावर होड्या उभ्या होत्या. कोणी तिला काही विचारलं नाही.

ती आठ दिवस राहिली. रोज दुपारी आई पट्टी बांधून आत पडलेली असे, आणि बाप-लेक अंगणात बसून सुक्या घेवड्याच्या शेंगा सोलत. मी कुंपणाच्या अलीकडे मासे साफ करत असे. शेंगा तडकल्याचा आवाज तेवढा.

शेवटून दुसऱ्या दिवशी मारिक्रूस म्हणाली, "आपा, त्यांना मी पाठवलं होतं."

फिदेचे हात थांबले.

"आदल्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, पलीकडे कधी जाऊ? मी म्हटलं, पहाटे जा. ऊन नसतं, ओहोटी असते, वाळू घट्ट असते, चालायला सोपं. तुम्हीच शिकवलं होतं ते मला, ओहोटीचं." तिने मांडीवरच्या शेंगा खाली ठेवल्या. "मी वेळसुद्धा सांगितली."

मला वाटलं, तो उठून आत जाणार.

"मी पहाट निवडली," तो म्हणाला, "कारण मला वाटलं, त्या वेळेला तिथे कोणी नसतं."

दोन वर्षं दोघांनी आपापला अर्धा भाग एकट्याने धरून ठेवला होता. मारिक्रूस रडायला लागली, आवाज न करता. फिदे तिच्या पाठीवर हात ठेवायला गेला, पण तो मोडक्या खांद्याचा हात होता, तिथपर्यंत पोचला नाही. मग त्याने तो तिच्या गुडघ्यावर ठेवला.

आतून ओब्दुलियाचा आवाज आला. तिचे डोळे बांधलेले होते, कान नव्हते. "तू खणलंस, तिने सांगितलं, आणि त्या दोघांना आदल्या रात्री मी वाटेसाठी भाकरी बांधून दिली असती, तर मीच त्यांना पाठवलं असं मीही म्हणत बसले असते. आता कोणीतरी मला पाणी आणून द्या."

मारिक्रूस उठली आणि पाणी घेऊन आत गेली. मी माझे हात धुतले. फिदे तसाच बसून होता. त्याला बरं वाटलं असेल, असं मला तेव्हा वाटलं. तसं झालं नाही. मुलगी परत गेली, आणि तो पहिल्यापेक्षाही गप्प झाला. आधी त्याला वाटत होतं की हे ओझं त्याचं एकट्याचं आहे. आता पोरीच्या डोक्यावरही तेच आहे हे त्याला कळलं होतं, आणि ते काढून घ्यायची काही सोय नव्हती.

मात्र मारिक्रूस त्यानंतर दर वर्षी येऊ लागली. फिदे गेला त्या पावसाळ्यातही ती आलेली होती. छातीत कफ भरला होता त्याच्या, आठवडाभर श्वास घरघरत होता. दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर मान हलवून नाही म्हणायचा. एका दुपारी झोपेतच गेला. कब्रस्तान सांता एदुविखेसला आहे. त्या दिवशी मुखात लाटा मोठ्या होत्या, म्हणून शवपेटी ट्रकमधून रस्त्याने न्यावी लागली. ओब्दुलिया पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, मारिक्रूस आणि मी मागे पेटीपाशी. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला मारिक्रूस पेटीला हाताने धरून ठेवत होती.