टिटवीची अंडी आणि माझी शाबासकी

ईट गावाच्या पुढे, माळाला लागून असलेल्या एकशिक्षकी शाळेत माझी पहिली नेमणूक झाली. ट्रेनिंगहून मी एक नवं खूळ घेऊन आलो होतो, निसर्गनिरीक्षणाचं. पोरांनी पक्षी पुस्तकात नाही, त्याच्या घरी जाऊन बघायचा. हात लावायचा नाही, दिसेल तेवढंच वर्गात सांगायचं. कुणी ‘लोक म्हणतात’ असं सुरू केलं की मी खवळायचो. “लोकांचं राहू दे, तू काय पाहिलंस?”

प्रत्येकाला एकेक जीव वाटून दिला होता. कुणाला विहिरीतलं कासव, कुणाला बाभळीवरची सुगरण. दुसरीतल्या एका मुलीला मी टिटवी दिली, कारण तिच्या घरामागेच माळावर खड्यांमध्ये चार अंडी होती. वर्गात कधी तोंड न उघडणारी ही मुलगी टिटवी मिळाल्यापासून बोलायला लागली. नर-मादी आळीपाळीनं अंड्यांवर बसतात, हे मला तिनंच सांगितलं. मला कोण आनंद झाला!

टिटवी घरावरून ओरडत गेली की घरात कुणी तरी जातं, असं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते मोडायचं म्हणूनच मी मुद्दाम टिटवी निवडली होती. पोरं रोज ऐकतील, काही होत नाही हे बघतील, भीती आपोआप जाईल, असा माझा हिशेब. तोंडानं मात्र मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. लोकांचं बोलणं वर्गात आणायचंच नाही ना!

चैत्रात सकाळची शाळा सुरू झाली. ती मुलगी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी विस्कटल्या केसांनी आली आणि उभी राहिली.

“गुरुजी, टिटवी उगं वरडत न्हाय ना? म्या अंड्यांजवळ गेले म्हणून वरडायची, व्हय ना?”

मी टेबलावर हात आपटला. “शाबास! अगदी बरोबर. तू गेलीस म्हणूनच ती ओरडली.” पोरांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. कुणी वाजवल्या नाहीत. तिनं पाटी दप्तरात घातली आणि खाली बसली.

मधल्या सुट्टीत पोरांनी सांगितलं. तिची आई बाळंत झाली होती. पाचवी पुजायच्या आदल्या दिवशी बाळ गेलं. तिची चुलती दारात बसून एकच म्हणत होती, “रोज टिटवी घरावर वरडती. कोण आणतंय तिला हिकडं?”

मी घाईनं वर्गात आलो, तर ती निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. बाप ओट्यावर बसला होता. “पोरगी मामाकडं धाडली, सोनारीला. लई गप झाली होती. बसा गुरुजी, च्या घ्या.” त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोनारी काही लांब नव्हती. पण जाऊन काय तोंड दाखवू, असं म्हणत मी दिवस ढकलले. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती आली नाही. पुढे माझी परंड्याला बदली झाली.

टिटवी का ओरडते, हे मी तिला शिकवलं. टिटवीच्या ओरडण्यानं कुणी मरत नाही, हे सांगायचं राहून गेलं. आता ती पोराबाळांची झाली असेल. तिच्या लेखी तिचा भाऊ तिच्यामुळे गेला, आणि गुरुजींनी भर वर्गात त्यावर शाबास म्हटलं.