हळदीच्या डब्याखालची यादी

सांगलीच्या कॉलेजात मी तेव्हा तात्पुरता मास्तर होतो, बिऱ्हाड साताऱ्यात. कॉलेजात नवा कॉम्प्युटर आला होता. प्राचार्य म्हणाले, "कोयनेचे साहेब चार वाजता बघायला येतायत. तुमचा प्रोग्रॅम चालला तर तुम्ही कायम." नाही चालला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं.

धरणाच्या पाण्याचा तो प्रोग्रॅम मी मुंबईच्या यंत्रावर बसवला होता. त्याचे नऊ तुकडे, आणि आकडे ठेवायच्या कप्प्यांना दिलेल्या, सगळ्या तुकड्यांना लागणाऱ्या नावांची एकच यादी. ती यादी मुंबईच्या यंत्राच्या पोटात. माझ्याकडे प्रत्येक तुकड्यात यादीच्या जागी फक्त एक भोकं पाडलेलं कार्ड: 'यादी इथे घे.' सांगलीच्या यंत्राने नऊ वेळा कळवलं की अशी यादी आपल्याकडे नाही.

यंत्र चालवणारे विट्याकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले. म्हणाले, "आवं सर, मीठ मुंबईलाच ऱ्हायलं की! आता हितं कालवण अळणीच हुणार."

यादी छापलेले कागद होते साताऱ्यात. बायकोने ते स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरले होते. त्यावरून महिन्यापूर्वी मी घर डोक्यावर घेतलं होतं. "माझ्या कामाची तुला काडीची किंमत नाही!" ती नुसती "बरं" म्हणाली होती.

आता तिलाच अर्जंट ट्रंककॉल, शेजारच्या डॉक्टरांच्या फोनवर.

"फळ्यांवरचे कागद घेऊन ये."

"टाकायचेत?"

"नाही गं, वाचायचेत!"

ती पळत जाऊन घेऊन आली. एकेक इंग्रजी अक्षर वाचू लागली, मी लिहू लागलो. मध्येच थांबली. "पुढच्या दोन ओळी दिसत नाहीत. हळद सांडलीय."

मी कागदावर दोन ओळी कोऱ्या सोडल्या.

"अहो, पण हेच सगळं खालच्या फळीवर परत आहे. लोणच्याच्या बरणीखालीही आहे."

खरंच की! मुंबईच्या यंत्राने छापताना यादी नऊही ठिकाणी अख्खी उतरवली होती. प्रोग्रॅम माझा, पण हे लक्षात होतं तिच्या.

यादीची कार्डं भोकं पाडून तयार केली, नऊ ठिकाणी घातली. चारला साहेबांसमोर यंत्र खडखडलं आणि आकडे छापू लागलं. विट्याचे पलटणवाले हळूच म्हणाले, "लागलं बघा मीठ!"

शनिवारी घरी गेलो. फळ्या उघड्या, आणि कागद नीट घड्या घालून, दोरीने बांधून माझ्या टेबलावर. मला फार लाज वाटली. पिशवीतून सांगलीचे नवे छापील कागद काढले आणि स्वतः फळ्यांवर अंथरू लागलो.

"अहो, हे लागतील ना तुम्हाला?"

"लागतील," मी म्हणालो, "म्हणून तर इथे ठेवतोय."